डब्याची पुस्तिका

आमच्या ऑफिसात तक्रारींचं एक रजिस्टर आहे. तारीख, गाव, तक्रार आणि उपाय असे चार रकाने. पहिले तीन भरायला अर्धा मिनिट लागतो. चौथा भरेपर्यंत एक किस्सा तयार झालेला असतो! मी मुद्दाम काही जमवलेलं नाही. रजिस्टर जाड होत गेलं तसे किस्सेही साचत गेले, आणि आता चार माणसं चहाला बसली की "पाठक मॅडम, ते काट्याचं सांगा ना" अशी फर्माईश येते.

तर आधी ओळखी. यवतमाळला मी पंचवीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. टाइपरायटर गेले, मी उरले. मग दिनूभाऊंनी मला त्यांच्या नेटच्या ऑफिसात फोन उचलायला ठेवलं. "मॅडम, तुमचा आवाज ऐकला का माणूस भांडण विसरते," असं ते म्हणाले. खरं कारण वेगळं आहे. निम्मं यवतमाळ माझ्याकडे टायपिंग शिकलेलं आहे आणि ते मला अजून घाबरतं.

दिनूभाऊ खेडोपाडी नेट पुरवतात. टॉवरवरून टॉवरवर, तिथून गावात, आणि गावात ज्याच्याकडे लाइन असेल त्याच्या घरी एक राउटर. राउटर हा शब्द फक्त कागदावर. बोलताना सगळे त्याला ‘डबा’ म्हणतात.

या डब्यांचा जाणकार म्हणजे निलेश गावंडे. वय तिशीच्या आत, हातात कला आणि संयम नावालाही नाही! डब्यात कंपनीनं भरून दिलेला प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. निलेश तो काढून दुसरं फुकटचं फर्मवेअर टाकतो, जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. फार गुणी प्रकार आहे. एक लाइन गेली की दुसरी धरतो, जुन्या डब्यातही बिनतक्रार चालतो.

अडचण एकच, तो चालवायचा कसा ते कळत नाही. माहिती ढीगभर आहे, पण ती जाणकारांनी जाणकारांसाठी इंग्रजीत लिहिलेली. पहिल्या पानावर लिहिलंय, हे वाचण्याआधी ते पान वाचा. त्या पानावर जावं तर तिथे लिहिलंय, आधी पहिलं पान वाचा. मी तीन प्रदक्षिणा घातल्या आणि हात जोडून बाहेर आले.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण झरी जामणीच्या जंगलात एक पोड आहे. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. तिथे मोबाइलला रेंज नाही. पोडावरची आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, सुशीला टेकाम. तिच्या घरी आमचा डबा आहे, सोलरच्या बॅटरीवर चालणारा. कुणाला साप चावला, कुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या, की सुशीला डब्याच्या वायफायवरून फोन लावून गाडी बोलावते. डबा बंद पडला की सगळं पोड मुकं! डब्याला काय झालंय हे आम्हाला कळवायलासुद्धा डबाच लागतो. नाहीतर कुणीतरी जंगलातून चालत डांबरी रस्त्यापर्यंत यायचं.

तो दोनदा बंद पडला, दोनदा जीप गेली. दोन्ही वेळा डबा धडधाकट होता, फक्त आतलं सेटिंग उडालं होतं. निलेशचं काम पाच मिनिटांचं, जाण्यायेण्यात अख्खा दिवस गेला. दुसऱ्या वेळी दिनूभाऊ म्हणाले, "मॅडम, आता तिसऱ्यांदा जीप गेली त येताना डबा घेऊनच येईन. इथं गावातले गिऱ्हाईक मले फाडून खाऊन राह्यले."

माणूस वाईट नाही. एका जीपवर अर्धा जिल्हा सांभाळायचा म्हटलं की डोकं फिरतंच.

तेव्हा उपाय एकच. पोडावरच्या माणसाला वाचून स्वतःच डबा चालू करता येईल अशी मराठी पुस्तिका. निलेशला सांगितलं, लिही. त्यानं दहा मिनिटांत लिहून आणली. तीन ओळी!

‘१. लॉगिन करा. २. नेहमीप्रमाणे सेटिंग करा. ३. सेव्ह करा.’

सुशीला तेव्हा प्रशिक्षणासाठी यवतमाळला आलेली होती. तिनं कागद दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, नेहमीप्रमाणे म्हंजे कसं? माही त पहिलीच वेळ हाये."

निलेश म्हणाला, "तुमची पहिली असंन ताई, डब्याची नाही ना!"

*

माझे वडील कोर्टात कारकून होते. ते म्हणायचे, अर्ज असा लिहावा की शिपायाला कळेल, साहेबाला मग आपोआप कळतो. मी निलेशला म्हटलं, आता मी शिपाई. तू सांग, मी करते. पण जेवढं सांगशील तेवढंच करणार.

"लॉगिन करा," निलेश म्हणाला.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"मोबाइल घ्या ना!"

मी मोबाइल हातात घेतला आणि बसून राहिले.

"मॅडम, उघडा ना आता!"

"काय उघडू?"

"तुम्ही मुद्दाम करून राह्यल्या!"

"अर्थात," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तिसऱ्या पायरीवर होतो. चौथ्या पायरीवर निलेश सहज बोलून गेला, "रीसेट केलं का वायफाय बंद राह्यते. ते चालू कराचं."

"चालू करायला आत कसं शिरायचं?"

"वायफायनं."

चावी आत ठेवून दार ओढून घ्यावं तसा प्रकार!

"लॅपटॉप असला त वायर लावून जाता येते," निलेश हळूच म्हणाला.

"पोडावर लॅपटॉप आहे?"

"नाही."

"मग हे तू आजपर्यंत सांगितलं का नाहीस?"

"मॅडम, हे त सगळ्यायले माहीत असते!"

त्या आठवड्यात निलेशनं फर्मवेअरमध्येच बदल केला. रीसेटनंतरही वायफाय चालू राहील अशी सोय झाली. पुस्तिकेतली एक पायरी कमी झाली, आणि निलेश माझ्यासमोर ‘सगळ्यायले’ हा शब्द वापरेनासा झाला.

*

पुस्तिकेची पहिली आवृत्ती आठ पानांची झाली. टाइप मीच केली, एक चूक नाही. ती आधी मुकुटबनला पिंपळकर काकांकडे पाठवली. काकांचं तिथे बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि दुकानात आमचा डबा. वाचनाची आवड आणि फावला वेळ, दोन्ही भरपूर.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "मॅडम, डब्याच्या सेटिंगचं पान मोबाइलवर उघडून नाही राह्यलं."

"पुस्तिकेत दिलेले आकडे टाकले का?"

"जसेच्या तसे! चष्मा लावून टाकले."

निलेशनं इकडून सगळं तपासलं. लाइन ठीक, डबा ठीक, वायफाय ठीक. तासभर डोकं खाजवून शेवटी तो म्हणाला, काका, मोबाइलचा फोटो काढून पाठवा. घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून फोटो आला. पडद्यावर सुवाच्य मराठीत आकडे होते, १९२.१६८.१.१!

काकांच्या मोबाइलचा कीबोर्ड मराठी. आणि पुस्तिकेत मी आकडे मराठीतच छापलेले, कारण मराठी मजकुरात इंग्रजी आकडे घालू नयेत हे मी पंचवीस वर्षं पोरांना बजावत आलेय. डब्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात हे निलेशनं मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

काका म्हणाले, "पुस्तिका मराठीत, म्हून मले वाटलं डब्यालेही मराठी समजत असंन!"

रजिस्टरमध्ये ती चूक मी स्वतःच्या नावावर लिहिली.

*

डब्याच्या बाजूचं बटण दाबून धरायचं आणि दिवा हळू लुकलुकू लागला की बोट काढायचं, अशी एक पायरी आहे. हळू म्हणजे किती? निलेश म्हणाला, सेकंदाला एकदा. मी म्हटलं, बोट बटणावर अडकलेलं असताना घड्याळ कोण बघणार? विचार करकरून मी लिहिलं, ‘एकदा राम राम म्हणायला लागतो तेवढ्या वेळात दिवा एकदा लागला पाहिजे.’ मला माझंच कौतुक वाटलं.

पिंपळकर काकांना विचारलं, काका, जमलं का?

"नाही बा. दिवा लय घाईत लुकलुकते."

"काका, राम राम म्हणून पाहिलंत ना?"

"पाह्यलं ना. पण आपल्याकडे राम राम म्हटलं का माणूस बसते, पाणी पेते, पोराबाळायचं विचारते. तेवढ्यात दिवा शंभर खेपा लागला!"

*

पोळ्याची गोष्ट पुसदकडची. तिथल्या एका तांड्यावर बळीराम राठोड यांच्याकडे आमची लाइन आहे. पोळ्याच्या दिवशी कुणी नेट बघत बसणार नाही, असा हिशोब करून निलेशनं दुपारी सगळ्या डब्यांवर नवं फर्मवेअर पाठवायचं ठरवलं. हे काम चालू असताना डब्याची वीज गेली तर डबा मरतो. पण दुपारी लाइट जायचा संभव नव्हता, त्यानं चौकशी केली होती.

लाइट गेला नाही. पण बळीरामभाऊंच्या तांड्यावरचा डबा मेला.

तिसऱ्या दिवशी बळीरामभाऊ स्वतः एसटीनं यवतमाळला आले. डबा धुतलेल्या रुमालात बांधून, मांडीवर ठेवून आणलेला. रुमाल सोडला तर डब्यावर हळदीकुंकू, आणि वरच्या जाळीत झेंडूची एक पाकळी.

"काय झालं भाऊ?" मी विचारलं.

"त्याचं असं झालं मॅडम, बैलं धुतले, सजवले, पुरणपोळी चारली. माही याडी," म्हणजे त्यांची आई, "ते म्हणे, आज राबणाऱ्याले सुट्टी असते. हा डबाही त वर्षभर राबते, त्यालेही द्या. म्हून बटण बंद केलं, फडक्यानं पुसला, पूजा केली, निवद दाखवला. एक दिवसाची सुट्टी देली त हा असा रुसला!"

निलेश एरवी गिऱ्हाइकावर ओरडायला वेळ लावत नाही. त्या दिवशी त्यानं फक्त डबा उघडला, आत बारीक वायरी जोडल्या, दोन तास खपून जिवंत केला. हळदीकुंकू मात्र त्यानं पुसलं नाही.

पुस्तिकेत एक ओळ वाढली. ‘अपडेट चालू असताना डबा बंद करू नका. पोळा असला तरी.’

*

आता काट्याचं. सेटिंग पार बिघडलं तर डब्याच्या मागच्या बारीक भोकात काहीतरी घालून आतलं बटण दहा आकडे मोजेपर्यंत दाबायचं असतं. मूळ इंग्रजीत कागदांना लावायची तारेची क्लिप घ्या म्हटलंय. मी विचार केला, पोडावर क्लिप कुठून येणार? म्हणून लिहिलं, ‘कोणतीही टोकदार वस्तू घ्या.’

सुशीला पुढच्या प्रशिक्षणाला आली तेव्हा मी तिच्यासमोर सरावाचा एक डबा ठेवला, पुस्तिका दिली आणि म्हटलं, मला काही विचारू नकोस, वाच आणि कर. तिनं ती पायरी वाचली, उठून बाहेर गेली, फाटकाजवळच्या बाभळीचा चांगला लांब काटा तोडून आणला आणि भोकात दाबला. दहा आकडे मोजले. काटा कट्‌कन मोडला आणि टोक आत राहिलं!

बटण दाबलेलंच राहिलं. डबा सुरू व्हायचा, स्वतःला पुसून काढायचा, परत सुरू व्हायचा.

निलेश स्क्रू ड्रायव्हर शोधायला पळाला. सुशीलानं पिशवीतून सुई काढली. जंगलात चालणाऱ्या माणसाकडे सुई असतेच. डबा उजेडाकडे धरून, पायातला काटा काढावा तसं तिनं ते टोक दोन मिनिटांत उचलून बाहेर काढलं. मग कानातली रिंग काढली, तिची दांडी भोकात घालून पाहिली, अगदी मापात!

"ताई, हे लिवा पुस्तिकेत," ती म्हणाली.

मी तिथल्या तिथे लिहिलं. ‘कानातल्या रिंगची दांडी घ्या.’

स्क्रू ड्रायव्हर घेऊन परत आलेला निलेश वाचून म्हणाला, "अन् पुरुषायनं काय कराव?"

"बायकोले मागाव!" सुशीला म्हणाली.

त्या दिवशी तिनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं एकदा केलं. चारदा अडखळली. चार ठिकाणी मी पुस्तिका बदलली, सुशीलामध्ये काही बदल करायची गरज नव्हती. तरी मनात धाकधूक होतीच, कारण इथे मी शेजारी बसलेली होते. पोडावर मी नसणार.

*

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. ऑफिसच्या पडद्यावर प्रत्येक गावाचा एक ठिपका आहे. डबा चालू असेल तर हिरवा, बंद पडला की लाल. सोमवारी दुपारी झरीकडे विजा कडकडल्या आणि पोडाचा ठिपका लाल झाला.

मंगळवारी सकाळी लाल. मंगळवारी संध्याकाळी लाल.

आदल्याच आठवड्यात सुशीला फोनवर सहज म्हणाली होती, "मुक्ताचे दिवस भरत आले ताई, पहिली खेप हाये, पोर भेली हाये." मुक्ता तिच्या शेजारची. मी ठिपक्याकडे बघायची आणि मला मुक्ता दिसायची. खोटं कशाला सांगू, मंगळवारी मला जेवण गेलं नाही. पुस्तिका मी लिहिली होती. ती वाचून डबा चालू झाला नाही तर ते पोड माझ्यामुळे मुकं, एवढं साधं गणित होतं.

दिनूभाऊ म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाले आधीच सांगतलं होतं. उद्या जीप काढा. डबा काढून आणा."

"भाऊ, तिथं दुसरं काहीच नाही हो."

"मले माहीत आहे," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघत बसले. "पण किती खेपा पाठवू?"

बुधवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच निघालो, निलेश आणि मी. मागच्या सीटवर डबा आणायला एक रिकामं खोकं. पांढरकवडा सोडल्यावर निलेश म्हणाला, "मॅडम, तिथं चालू करून देतो अन् भाऊले सांगतो, जीप रस्त्यात बंद पडली, पोचलोच नाही."

"खोटं बोलायचं?"

"मंग काय कराव?"

दोन दिवसांनी त्या दिवशी कुठे लखलखीत ऊन पडलं होतं, आणि मला त्याचाही राग येत होता.

मुकुटबनला पिंपळकर काकांच्या दुकानासमोर थांबलो. काकांनी आमचे चेहरे पाहून आधी चहा मागवला. मग जीपमध्ये डोकावून म्हणाले, "रिकामं खोकं कायले घेऊन फिरता?"

निलेशनं उत्तर द्यायच्या आत माझा फोन वाजला. सुशीला!

"ताई, मी दवाखान्यातून बोलून राह्यली. मुक्ताले पोरगी झाली. दोघीही बऱ्या हायेत."

मला एकदम रडूच आलं. काकांच्या खताच्या पोत्यावर बसून मी रडले, पंचवीस वर्षं पोरांना घाबरवणारी मी! मग नाक पुसून विचारलं, "अगं पण गाडी कशी बोलावलीस? डबा तर बंद होता ना?"

"बंदच व्हता. सोमवारी बॅटरीच बसली, मंग दोन दिवस ऊन नव्हतं. काल रातीच मुक्ताले कळा लागल्या. ऊन निघालं तशी बॅटरी जराशी भरली, म्हून लावून पाह्यला."

"सेटिंग होतं का जागेवर?"

"नाही ना. सारंच उडालतं. मंग चालू केला, गाडी बोलावली, आलो इथं."

निलेशनं बशी खाली ठेवली. उठून जीपकडे गेला, मागचं खोकं काढलं आणि पिंपळकर काकांच्या हातात दिलं. "ठेवा काका, दुकानात कामी येईन." परत येऊन त्यानं माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर लावला आणि वहीवर पेन टेकवून बसला.

"सुशीलाताई, मी निलेश. सारं सेटिंग उडालं म्हणता, मंग नेमकं काय काय केलं ते सांगा मले. एकेक पायरी. लिहून घेतो."

पलीकडून लहान बाळाचं रडणं ऐकू आलं, कुणीतरी सुशीलाला हाक मारली. तिला घाई होती.

"आता त्यात काय सांगाचं भाऊ? नेहमीप्रमाणे केलं!"